घड्याची राखण

संगीता राठोडचा डोळा लागला तो नवऱ्याच्या भाषणात, आणि भाषण चाललं होतं शिक्षकांनी पुरेशी झोप कशी घ्यावी यावर.

केंद्रशाळेच्या लांबट खोलीत शिक्षण परिषद भरली होती. फाल्गुनातली दुपार. वरची टिनं तापून मधूनच टण्ण वाजत होती आणि भिंतीला टेकलेल्या शिक्षकांच्या माना एकेक करून खाली येत होत्या. समोर सुनील राठोड उभा होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. तो शेजारच्या गावच्या शाळेवर शिक्षक होता आणि तालुक्याचा सुलभक. म्हणजे इतर शिक्षकांना शिकवायला ज्याला बोलावतात तो. त्याचा आवाज चांगला होता. खोल विहिरीतून भरलेली बादली हळू वर यावी तसा.

"आपण शिक्षक सगळ्यांची काळजी घेतो. स्वतःची घेतो का? मी रोज पहाटे चालायला जातो. मोबाईल बंद. तो वेळ फक्त माझा. तुमचा वेळ कोणता आहे? शोधा."

शेवटच्या चटईवर बसलेल्या संगीताला त्या पहाटेच्या वेळेची चांगली ओळख होती. पाणी भरायचं, शेण काढायचं, भाकरी थापायच्या, दोघांचे डबे, सासूच्या गुडघ्याला तेल. आणि तो मोबाईल काही बंद नसायचा. तो चुलीजवळच्या ओट्यावर असायचा, आणि पीठ लागलेल्या बोटांनी संगीता त्यावर सुनीलच्या शाळेची माहिती भरायची. पोरं किती आली, किती जेवली, फोटो. आपल्या शाळेची माहिती ती नंतर भरायची, जीपमध्ये.

तिच्या ओटीपोटात ओढ लागली होती. महिना झाला, अंगावरून जाणं थांबतच नव्हतं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी मशीन फिरवून सांगितलं होतं, "गाठी आहेत. रक्त अर्ध्यावर आलंय तुमचं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी भरती व्हा, काढून टाकू. नंतर पुरता आराम. उशीर केला तर एक दिवस वर्गातच कोसळाल." संगीताने मान हलवली होती. घरी सांगायचं अजून राहिलंच होतं.

"आता सगळ्यांनी डोळे मिटा," सुनील म्हणाला. "श्वास आत. हळू सोडा. कोणी तुम्हाला हाक मारत नाही. कुठे जायचं नाही."

कोणी हाक मारत नाही. हे वाक्य संगीताच्या अंगावर दुलईसारखं पडलं. तिचं डोकं भिंतीवरून सरकलं, तोंड उघडं पडलं आणि त्या शांत खोलीत एक लांब, घरघरता घोर निघाला. मग दुसरा.

कोणीतरी फसकन हसलं. मग सगळी खोली हसली. शेजारच्या गझालाने कोपराने ढोसलं तेव्हा संगीता दचकून उठली आणि सवयीने म्हणाली, "आलीच!" त्यावर तर हसण्याला ऊत आला.

"बघा," सुनील हसत म्हणाला, "आमच्या घरी अंमलबजावणी सुरू झालीसुद्धा."

केंद्रप्रमुख साहेबांनी टाळी दिली. सगळ्यांना सुनीलचं हसणं दिसलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या त्या एकट्या संगीताला.

गझाला शेख तिच्याच शाळेवरची. घाटंजीच्या मिस्त्री जहीरभाईंची लेक, दोन शिक्षकी शाळेतली दुसरी शिक्षिका. परिषद सुटल्यावर स्कूटीला किल्ली लावत ती म्हणाली, "तारीफ करावी लागते वो तुया नवऱ्याची. अख्ख्या तालुक्याले श्वास घ्यायले शिकवते. घरी तेवढा सोडू देत नाही."

"हळू बोल."

"काहून हळू? चाल, बस मागं. तांड्यापर्यंत सोडतो तुले."

"नको. ते नेतीन."

गझालाने तिच्याकडे पाहिलं. स्कूटीची किक मात्र तिने गरजेपेक्षा जोरात मारली.

*

सुनीलने मोटारसायकल कुठे न थांबवता तांड्यावर आणली. अंगणात सासू, सुखीबाई, जिला घरात सारे याडी म्हणजे आई म्हणत, वाळलेला हरभरा काठीने बडवत होती. धावड्याची काठी, वर्षानुवर्षांच्या हातांनी मुठीशी गुळगुळीत झालेली. उद्यापासून ती संगीताने धरायची होती. शाळेतून आल्यावर अंधार पडेपर्यंत.

सुनीलने आत येऊन दार लोटलं. शर्ट काढून खुंटीला नीट अडकवला, चुण्या पडू नयेत म्हणून.

"झोप आलती तुले?"

"डोळा लागला. मुद्दाम नाही—"

"सारे हासले."

"तुमच्यावर नाही हासले. मायावर हासले."

"तू कोण हायेस? मायीच ना?"

तो चेहऱ्यावर कधी मारत नसे. शिकलेला माणूस होता. मोटारसायकलची किल्ली मुठीत तशीच होती, तिचं टोक बोटांमधून बाहेर आलेलं. पहिला ठोसा पाठीत बसला, फऱ्याखाली. दुसरा त्याच जागी. संगीता भिंतीकडे तोंड करून वाकली आणि दोन्ही हात पोटावर धरले. पाठ देता येते, पोट देता येत नाही, एवढं ती शिकली होती. तिसऱ्याला तिचे गुडघे टेकले. त्याने वेणी धरून मान मागे ओढली आणि कानाशी अगदी हळू म्हटलं, "आता झोप."

अंगणातल्या काठीचा आवाज वाढला. सुखीबाईला आत काय चाललंय ते ठाऊक होतं. अशा वेळी ती हरभरा जोरात बडवायची.

मग तो खाटेवर बसला. धाप लागलेली. जमिनीवरूनच संगीता म्हणाली, "मले भरती व्हायले सांगितलं हाय. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. गाठी हायेत."

"मे महिन्यात पाहू."

"डॉक्टरीणबाई म्हणते—"

"त्याच आठवड्यात यवतमाळले मायं सादरीकरण हाय. साऱ्या जिल्ह्यापुढं. शाळेची माहिती कोण भरीन? भाकर कोण टाकीन, याडी? तिचे गुडघे पाह्यले का?" तो उठला, पाणी प्याला, आणि आवाज मऊ झाला, तोच, विहिरीतला. "थोडं नियोजन करत जा संगीता. थकवा मनाचा असते."

ती उठली. किल्लीने फाटलेल्या पोलक्याला टाका घातला, आणि पीठ मळायला बसली.

*

दुसऱ्या दिवशी शाळेत तिला खुर्चीला पाठ लावता येईना. वर्गात तिसरी-चौथीची पोरं. अर्धी जागा रिकामी. मायबापांबरोबर कोणी कपाशीची पऱ्हाटी उपटायला गेलेलं, कोणी मोह वेचायला. जी होती ती गुणाकार करत होती, आणि संगीता मांडीवर मोबाईल घेऊन सुनीलच्या शाळेची माहिती भरत होती. आज शेवटचा दिवस. नेट जात होतं, येत होतं. बरंच भरून झालं होतं. आणखी थोडं राहिलं होतं.

"बाई, पाहा ना."

दीपा होती. तिसरीतली, दातांच्या फटीतून बोलणारी, रोज काही ना काही दाखवायला आणणारी. आज तिने पळसाच्या पाकळ्या पाण्यात कुस्करून केशरी रंग केला होता, डबीभर.

"बस जाग्यावर."

"बाई, होळीचा हाय. तुमच्यासाठी केला. पाहा ना बाई, एकडाव—"

डबी कलंडली. केशरी पाणी मोबाईलवर सांडलं. पडदा एकदा चमकला, आणि काळा झाला.

पुढचं संगीताने केलं असं तिला नंतरही कधी वाटलं नाही. हातानेच केलं. हात उठला, आणि दीपाच्या तोंडावर असा बसला की पोरगी बाकाच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. हात पुन्हा उठला. दुसऱ्यांदा बसला. तेव्हा कुठे तिला ऐकू आलं की वर्गात कोणी श्वाससुद्धा घेत नाहीये.

दीपाचा खालचा ओठ फाटला होता. रक्त हनुवटीवरून फ्रॉकवर टपकत होतं, आणि तिथे आधीच केशरी डाग होता. ती रडत नव्हती. ती दोन्ही हात पोटावर धरून, भिंतीकडे तोंड करून वाकली होती.

संगीताने ते पाहिलं. ते वाकणं तिने ओळखलं. 

गझाला पलीकडच्या वर्गातून धावत आली. "या अल्ला! काय केलं वो तू?" तिने पोरीला उचललं, हापशीवर नेलं, ओढणी ओली करून ओठ दाबून धरला. संगीता मागे उभी. आठ वर्षांच्या नोकरीत तिने पोरावर हात उचलला नव्हता. छडी आणलेल्या मास्तरांची छडी तिने एकदा मोडून चुलीत घातली होती.

"दीपा," ती म्हणाली.  पोरगी ओढणीआडून तिच्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाच्या वेळी दीपा आली. ओठ सुजून निळा झालेला. संगीता दाराशी थांबलेली. मोबाईल तांदळात ठेवल्यावर रात्री सुरू झाला होता आणि उरलेली माहिती तिने भरली होती. रात्रभर तिने दीपाच्या आईची, कांताबाईची वाट पाहिली होती. येईल, शिव्या घालील, झिंज्या धरील. तेच बरं वाटलं असतं.

"घरी काय सांगितलं वो दीपा?"

"पडली म्हून सांगितलं बाई," पोरगी म्हणाली. "हापशीवर घसरून पडली." आणि मोठ्या माणसासारखी धीर देत म्हणाली, "माय काही बोलली नाही. तुमी नका घाबरू."

संगीता आत गेली. फळ्यावर तारीख लिहिली. खडू तुटला. तेच वाक्य. अगदी तेच. मागच्या वर्षी गझालाने पाठीवरचा वळ पाहून विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, न्हाणीत घसरून पडली. आईला फोनवर म्हणाली होती, पडली. पोरीला हे तिने फळ्यावर लिहून दिलं नव्हतं. तरी पोरगी शिकली होती.

*

होळी आली. तांड्यावर त्या वर्षी एकच धुंड होती, आणि ती राठोडांच्याच घरी. धाकटा दीर भावसिंग, त्याला पोरगा झालेला. नवा पोरगा झाला की धुळवडीला त्याची धुंड होते, ही गोरमाटींची, म्हणजे बंजाऱ्यांची, जुनी रीत. सकाळी गडी गेर काढून, म्हणजे घोळक्याने नाचत, येतात, लेंगी म्हणजे होळीची गाणी म्हणतात, बाळाच्या डोक्यावर आडवी फळी धरून काठ्यांचा ताल धरतात. आणि दुपारी दारापुढे दोन खुंट ठोकून त्यांना घडा बांधतात. घड्यात गुळातल्या पुऱ्या. तो घडा गड्यांनी पळवायचा, बायकांनी राखायचा. राखायला बायकांच्या हाती काठ्या. जो पुढे येईल त्याला मारायचं, आणि खरं मारायचं. त्या दुपारचा मार कोणी मनात ठेवत नाही. ठेवला तर त्या गड्याला सारा तांडा हसतो.

बहुतेक बायका दीर निवडतात. नवऱ्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. संध्याकाळी त्याच्याच घरी भाकर टाकायची असते.

संगीता काल रात्रीपर्यंत राबत होती. पुरणं, पुऱ्या, पाहुण्यांचं पाणी. पाय भरून आले होते, कासोटीशी कपड्याची जाड घडी ओली झालेली. उद्याचा दिवस भरती व्हायचा. तिने सकाळी चहा देताना पुन्हा विचारलं होतं, पाहुण्यांसमोर, हळूच.

"उद्या जाऊ ना मी?"

सुनील हसला होता, पाहुण्यांकडे पाहून. "हिले सणाच्या दिवशी दवाखाना आठवते." आणि चहाचा कप परत देताना त्याने तिचा अंगठा मागे वाकवला. सांधा कट्ट वाजेपर्यंत. हसतच.

आता तांड्याच्या नायकाची बायको रुक्माबाई घड्याशी उभी राहिली. पासष्टीची, काळी, उंच, दंडभर गोंदण. तिने आवाज लावला. लेंगीची बोली गोरमाटी होती. मराठीत सांगायचं तर ती म्हणत होती:

*घडा माझा गुळाचा गं, गुळाची राखण,*
*हात लावील त्याच्या पाठी पळसाचं लिंपण.*

बायकांनी ओळ उचलली. घोळक्यात जाऊबाईने संगीताच्या हातात काठी कोंबली. "घे वं मास्तरीण! नुसतं उभं राहून पगार नाही भेटत इथं!" सारे हसले. संगीताने काठीकडे पाहिलं. हरभऱ्याची, धावड्याची. पंधरवडाभर रोज संध्याकाळी हिनेच बडवून तिच्या तळव्याला घट्टे पडले होते. मूठ आपोआप जागेवर बसली.

गडी आले. रंगाने माखलेले, डफ वाजवत, काही प्यालेले. भावसिंग पहिला घुसला आणि वहिन्यांचा मार खाऊन "मेलो वो माय" करत उड्या मारत पळाला. पोरं किंचाळली. धुरळा उडाला. मग दुसरा, तिसरा. काठ्या पाठीवर, पोटऱ्यांवर पट्पट् वाजत होत्या. रुक्माबाई पुढची ओळ म्हणाली:

*बारा महिने त्याचे गं, दिवस एक माझा,*
*आज माझ्या दारी गं चोर झाला राजा.*

"ओ सुलभक!" कोणीतरी ओरडलं. "तुमचं मार्गदर्शन होऊन जाऊ द्या!"

सुनील पुढे आला. अंगातला सदरा त्याने काढून ठेवला होता. तो खेळात उतरत नसे फारसा, पण पाहुणे होते, दोघे शिक्षक होते त्याच्या शाळेतले. वाकून, हसत, तो थेट घड्यापाशी आला. आणि जिथे संगीता उभी होती तिथूनच आला. तिथून कोणी मारणार नाही हे त्याला ठाऊक होतं. जाताना त्याने तिला खांद्याने बाजूला सारलं. खांदा नेमका फऱ्याखालच्या जागी लागला.

काठी वर गेली.

पहिला तडाखा त्याच्या पाठीवर बसला. "वा वं मास्तरीण!" बायका ओरडल्या. दुसरा खांद्यावर. तो हसत वळला, हात पुढे केला, काठी धरायला. तिसरा त्या मनगटावर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. तो हसणं विसरला.

"संगीता," तो म्हणाला. घरातल्या आवाजात.

त्या आवाजाला तिची पाठ वाकायची. आज वाकली नाही. हरभऱ्याचा ताल तिच्या दंडात भरला होता; वर, खाली, वर, खाली. ती त्याच तालात मारत राहिली. तो गुडघ्यावर आला. मारलं. तो आडवा झाला, पोटाशी गुडघे घेऊन, मोडका हात छातीशी धरून. मारलं. आता काठी पाठीवर, कमरेवर, मांडीवर, जिथे मिळेल तिथे पडत होती, आणि तिच्या घशातून एक आवाज येत होता, तो ना रडण्याचा ना गाण्याचा. आणि तिला बरं वाटत होतं. इतकं बरं, की त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. हात पुन्हा वर गेला आणि तिला खाली कोणी आडवा गडी दिसला नाही. भिंतीकडे तोंड करून, पोटावर हात धरून वाकलेली पोरगी दिसली.

हात वरच राहिला.

लेंगी थांबली होती. डफ थांबला होता. तांड्यात एवढी शांतता की घड्याचा दोर करकरलेला ऐकू आला. सुनीलच्या तोंडातून लाळ आणि रक्त मातीत उतरत होतं. पाहुणे शिक्षक एकमेकांकडे पाहत होते. भावसिंग एक पाऊल पुढे आला. "भाबी?" तो म्हणाला. खेळातला शब्द, पण आवाज खेळातला नव्हता.

आणि रुक्माबाईने आवाज लावला.

*बारा महिने त्याचे गं, दिवस एक माझा,*

एकटीने. फाटक्या, उंच आवाजात, भावसिंगच्या डोळ्यांत डोळे घालून. पुढची ओळ जाऊबाईने धरली. मग दुसरीने. मग साऱ्या जणी, आधीपेक्षा दुप्पट जोराने. काठ्या जमिनीवर आपटत, पैंजणं वाजवत, त्यांनी सुनीलभोवती आणि संगीताभोवती फेर धरला. एवढी वर्षं राठोडाच्या घरातला आवाज तांड्याने हरभरा बडवण्यात बुडवला होता. आज तांड्यातल्या बायकांनी हा आवाज लेंगीत बुडवला.

"धुंडीचा मार होय," रुक्माबाई गाणं न तोडता गड्यांना म्हणाली. "उचला त्याले. अन् घडा राह्यला आमच्याकडं. हारले तुमी!"

गड्यांना हसावंच लागलं.

*

हाड जुळवून, प्लॅस्टर घालून सुनील रात्री परत आला. सकाळी तो खाटेवर बसला होता. उजवा हात गळ्यात. शर्टाची बटणं त्याला लावता येत नव्हती. उघड्या छातीने तो संगीताला पाहत होता. ती कापडी पिशवी भरत होती. दोन लुगडी, कपड्याच्या घड्या, डॉक्टरीणबाईंचा कागद.

"होळी सरली," तो हळू म्हणाला.

"मले ठाव हाय."

"हात दोन असतात माणसाले."

"ते बी ठाव हाय." तिने पिशवीची गाठ मारली.  "तुमच्या शाळेची माहिती तुमी भरा. डाव्या हातानं जमते. मी पीठ लागलेल्या बोटानं भरत होती."

दारात सुखीबाई आडवी आली. तिच्या हातात अंगण झाडायचा फडा होता. "माया पोराचा हात मोडून कुठं चालली, रांडे?" फडा सपकन तोंडावर बसला. गालावर काड्यांचे ओरखडे उमटले, एकातून रक्त आलं. सासूने पुन्हा उगारला. संगीताने तो हवेतच धरला. ओढून घेतला नाही, मारला नाही. नुसता धरून ठेवला. म्हातारीचे हात सुटले.

"चुलीवर भाकर हाय, याडी. दोन दिवसांची," संगीता म्हणाली आणि बाहेर पडली.

तांड्याच्या तोंडाशी, ठरल्याप्रमाणे, गझाला स्कूटीवर थांबली होती. गाल पाहून तिने ओढणीच्या टोकाने रक्त टिपलं. "बस," एवढंच म्हणाली.

"घाटंजीहून एसटी धरू. पहिले शाळेच्या गावात थांब."

"आज? कायले वो? उशीर होईन—"

"थांब म्हटलं ना."

हापशीवर बाया पाणी भरत होत्या. कांताबाई दांडा मारत होती, दीपा खाली कळशी धरून. ओठावर अजून काळसर वण. स्कूटीवरून उतरलेल्या बाईंकडे पोरगी पाहत राहिली. जवळ आली. मान वाकडी करून गालावरचे ओरखडे तिने बारकाईने पाहिले, जसं ती फुलपाखरू पाहायची.

"बाई," ती समजूतदारपणे म्हणाली, "तुमी बी पडल्या का?"

संगीता खाली बसली, पोरीच्या उंचीला. पोटातून कळ गेली. "नाही," ती म्हणाली. "मी नाही पडली. मले मारलं." आणि मान वर करून, हापशीचा दांडा धरलेल्या कांताबाईला ऐकू जाईल असं म्हणाली, "अन् कांताबाई, तुयी पोरगी बी नाही पडली. मी मारलं तिले. दोनदा. तिचं काही चुकलं नव्हतं."

दांडा थांबला. नळीतून उरलेलं पाणी गळत राहिलं. गझाला मागून म्हणाली, "संगीता, नोकरी जाईन—"

कांताबाई पुढे आली. ओलं लुगडं, पऱ्हाटी उपटून फाटलेले तळवे. तिने पोरीच्या ओठाकडे पाहिलं, मग बाईंकडे. संगीता उभी राहिली. हात पोटावर गेले नाहीत. पाठ वळली नाही.

थप्पड बसली. ओरखडलेल्या गालावरच. बाया "अगं माय" म्हणाल्या. गझालाने किंचाळून संगीताचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

"पुन्हा लावशीन हात माया पोरीले?" कांताबाईचा आवाज फाटला होता. "का कोणाच्या बी पोरीले?"

"नाही."

"मायाशी बोल. वर पाहून."

"नाही लावणार."

कांताबाईची नजर गालावरून पिशवीवर गेली, पिशवीवरून पोटावर. लुगड्यावरचा डाग तिला दिसला. बाईला असे डाग ओळखू येतात.

"कुठं चालली?"

"दवाखान्यात."

"मंग जाय ना. इथं काय उभी हायेस," ती म्हणाली, आणि वळून दांडा धरला. दांडा मारता मारता, मागे न पाहता म्हणाली, "आल्यावर शिकवजो तिले. गुणाकार येत नाही अजून."

दीपाने कळशी खाली ठेवली आणि बाईंच्या पिशवीचा बंद स्कूटीच्या हुकात अडकवून दिला.

रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना पळस झडत होता. संगीताची मान गझालाच्या पाठीवर टेकली. सरळ झाली. पुन्हा टेकली.

"वो, झोपू नको! खाली जाशीन!"

"जागीच हाय."

पुढच्या वळणाला ती जागी नव्हती. गझालाने स्कूटी बाजूला घेतली. ओढणी काढली, दोघींच्या कमरेभोवती घट्ट गुंडाळली आणि पुढे गाठ मारली, जसं शेतावरच्या बाया लेकराला पाठीशी बांधतात. मग निघाली, सायकलीच्या वेगाने. मागून एक काळी-पिवळी जीप हॉर्न वाजवत आली, वाजवत राहिली.

"वाजव," गझाला मागे न पाहता म्हणाली. "वाजव किती वाजवायचा तो."

तिच्या पाठीवर एक लांब, घरघरता घोर निघाला. मग दुसरा. रस्त्यावर हसायला कोणी नव्हतं.